पारा तपासून देणारी प्रयोगशाळा: आमच्या रहिवासी मंडळाचा अनुभव

आमच्या वस्तीला लागून जुन्या रासायनिक कारखान्यांचा पट्टा आहे, आणि विहिरींच्या पाण्यात व खाडीच्या मासळीत पारा उतरला असावा ही शंका इथे बरीच वर्षे बोलली जाते. ती तपासून घेण्यासाठी मंडळाने ठाणे जिल्ह्यातील एका खासगी प्रयोगशाळेची सेवा घेतली.

दर सांगण्याआधी तेथील रसायनतज्ज्ञांनी आम्हाला नेमके काय जाणून घ्यायचे आहे ते विचारले, ही या सेवेची सर्वांत जमेची बाजू. आम्ही केवळ विहिरीचे पाणी देणार होतो. पाण्यातला पारा तळाच्या गाळात बसतो, तिथले जिवाणू त्याचे मिथाइल पाऱ्यात, म्हणजे पाऱ्याच्या अधिक विषारी रूपात, रूपांतर करतात आणि तो मासळीच्या अंगात साठत जातो, म्हणून पाणी स्वच्छ निघाले तरी मासळीची शंका फिटत नाही, हे त्यांनी समजावले. जपानमधील मिनामाता येथे, जिथे १९५६ साली या विषबाधेची अधिकृत नोंद झाली, तिथेही लोकांना बाधा झाली ती मासे आणि शिंपले खाऊन. त्यामुळे आम्ही गाळ आणि मासळीचेही नमुने दिले. माणसांच्या रक्ताची वा लघवीची तपासणी आपल्याकडे होत नाही, हेही त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले.

नमुन्यांसाठी नायट्रिक आम्ल घातलेल्या बाटल्या त्यांनीच दिल्या. आमच्या एका उत्साही सभासदाने शीतपेयाच्या बाटलीतून आणलेले पाणी मात्र त्यांनी परत केले, आणि ते योग्यच होते.

तक्रार आहे ती अहवालाबद्दल. विहिरीच्या पाण्यापुढे नुसते ‘आढळला नाही’ असे लिहिले होते. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची मर्यादा लिटरला ०.००१ मिलिग्रॅम आहे. यंत्राला त्याहून कमी पारा दिसतच नसेल, तर अशा शेऱ्याला काही अर्थ उरत नाही. विचारल्यावर यंत्राची मर्यादा नमूद केलेला सुधारित अहवाल मिळाला आणि ती मानकाच्या आत होती, पण हा आकडा मागावा लागू नये. मासळीतही त्यांनी एकूण पाराच मोजला; मिथाइल पारा वेगळा मोजून हवा असल्यास दुसरीकडे जावे लागेल.

जाण्यापूर्वी प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या एनएबीएल या राष्ट्रीय संस्थेच्या संकेतस्थळावर ‘पाण्यातील पारा’ ही चाचणी मान्यतेच्या यादीत आहे ना, हे पाहावे, कारण ही मान्यता प्रयोगशाळेला सरसकट नसून चाचणीगणिक असते. मासळी बर्फात ठेवून सकाळीच पोचवावी. दुपारनंतर ते घेत नाहीत.