टीपीच्या नकाशावरचं घर: वडोदऱ्यात आमची झालेली फसवणूक

वडोदऱ्याच्या आसपास कोणी टीपी (टाउन प्लॅनिंग, म्हणजे नगररचना) स्कीमचा नकाशा पसरून त्यातल्या एका चौकोनावर बोट ठेवत असेल, "हा ईडब्ल्यूएसचा (दुर्बल घटकांचा) प्लॉट, इथे सरकारी घरं होणार, आत्ताच नाव लावून ठेवा" असं सांगत असेल, तर पैसे काढण्याआधी हे वाचा. आमचे १ लाख ६५ हजार गेले. आमच्याबरोबर आणखी बऱ्याच घरांतले गेले, आणि त्यातली बहुतेक घरं आपली मराठी आहेत.

आम्ही दांडिया बाजारात भाड्याने राहतो. मिस्टर मकरपुरा जीआयडीसीत कामाला, मी घरी शिवणकाम करते. वर्षाचं उत्पन्न ३ लाखांच्या आत, देशात कुठेही पक्कं घर नाही. म्हणजे पंतप्रधान आवास योजनेच्या दुर्बल घटकाच्या अटींत आम्ही खरोखर बसतो. हे आमचे पैसे घेणाऱ्या त्या माणसाला नीट माहीत होतं. गणपतीत मंडळाच्या आरतीला येणारा, सासूबाईंना "काकू" म्हणून वाकून नमस्कार करणारा माणूस. त्याला परका कोण म्हणेल?

त्याने दाखवलेला नकाशा खरा होता, प्लॉट खरा होता, त्यावरचं आरक्षणही खरं होतं. म्हणूनच हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

गुजरातच्या १९७६ च्या नगररचना कायद्याप्रमाणे शहराबाहेरच्या शेतजमिनींवर टीपी स्कीम होते. सगळ्या जमिनी एकत्र धरतात, त्यांतून रस्ते, बागा, शाळा-दवाखान्यांची जागा काढतात आणि राहिलेली जमीन नव्याने आखून मालकांना "फायनल प्लॉट" म्हणून परत देतात. त्याच कायद्यात स्कीमच्या क्षेत्रातली साधारण १० टक्क्यांपर्यंत जमीन दुर्बल घटकांच्या घरांसाठी राखायची तरतूद आहे. पण आधी ड्राफ्ट, मग टाउन प्लॅनिंग ऑफिसरपुढे मालकांच्या हरकती, मग प्रिलिमिनरी, मग फायनल. यात वर्षं जातात आणि मधल्या काळात प्लॉटचा आकार, हद्द बदलू शकते. बरं, प्लॉट राखला म्हणजे घर झालं असंही नाही. प्रकल्प मंजूर व्हायचा, टेंडर निघायचं, मग जाहिरात, फॉर्म, छाननी आणि शेवटी ड्रॉ (सोडत). नकाशावरचा चौकोन आणि हातातली किल्ली यांच्यामध्ये एवढं सगळं पडलेलं असतं. ते सामान्य माणसाला कोणी समजावून सांगत नाही, आणि तिथेच असली माणसं दुकान मांडून बसतात.

आधी "टोकन" म्हणून २१ हजार. मग "फाइल पुढे सरकवायला" पैसे. मग म्हणाला, "ताई, ड्रॉ म्हणजे नुसता देखावा, वीस घरं आपल्या कोट्यातली आहेत." मोठी रक्कम रोख घेतली, थोडी यूपीआयने, तीही स्वतःच्या नव्हे तर भलत्याच कोणाच्या खात्यावर. पावती मागितली तर छापील वाउचर दिलं, त्यावर फक्त "फाइल खर्च". घराचा उल्लेख नाही, प्लॉटचा नाही, कचेरीचा नाही. बानाखताचं (विक्रीच्या कराराचं) विचारलं तेव्हा "सरकारी घराला बानाखत नसतं" असं ठासून सांगितलं. वर आशा दाखवली की केंद्राचे दीड लाख नंतर तुमच्या खात्यात परत येतील.

हे परत येण्याचं प्रकरण नीट समजून घ्या, कारण बहुतेक लोक याच बोलण्यावर विसंबतात. सरकारी किंवा भागीदारीतल्या प्रकल्पात केंद्राची दीड लाखाची मदत घराच्या किमतीत धरलेली असते, म्हणून घर स्वस्त पडतं. ती तुमच्या हातात येत नाही. व्याजावरचं अनुदान हा वेगळा भाग आहे. १ सप्टेंबर २०२४ पासून सुरू झालेल्या आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात ३५ लाखांपर्यंतच्या घरासाठी २५ लाखांपर्यंत कर्ज घेतलं, तर पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के व्याज-अनुदान आहे, जास्तीत जास्त १ लाख ८० हजार, पाच वार्षिक हप्त्यांत, आणि ते कर्जखात्यात जमा होतं. त्या माणसाने दोन्ही गोष्टी एकत्र कालवून सांगितल्या.

काही कुटुंबांचं उत्पन्न ३ लाखांच्या वर होतं. त्यांच्याकडून त्याने "दाखला मी काढून देतो" म्हणून मामलतदार कचेरीच्या नावाने वेगळे पैसे घेतले. आज तीच माणसं तक्रार करायला धजत नाहीत, कारण तो त्यांनाच दम देतो: खोटा दाखला तुमच्या सहीने गेलाय, आधी तुम्ही आत जाल. गरीब माणसाला आधी खोट्यात ओढायचं आणि मग त्याच खोट्याने त्याचं तोंड बंद करायचं, याचा मला पैसे गेल्यापेक्षा जास्त संताप येतो.

उघडकीस आलं ते "अ‍ॅलॉटमेंट लेटर" मिळाल्यावर. वर बोधचिन्ह, खाली गोल शिक्का, फ्लॅट नंबर ३०४. नणंदेचा मुलगा सिव्हिलचा डिप्लोमा करतो. तो म्हणाला, "मामी, इमारतीचा प्लॅन पास झालेला नाही तर तिसरा मजला आला कुठून?" आम्ही ते पत्र घेऊन थेट सरकारी कचेरीत गेलो. खिडकीवरच्या बाईंनी ते उलटसुलट बघितलं आणि शांतपणे सांगितलं की या प्लॉटवर कोणताच प्रकल्प मंजूर नाही, फॉर्म निघालेले नाहीत आणि हे पत्र आमचं नाही. मग त्यांनी स्वतःहून ड्राफ्ट स्कीमची प्रत कुठे बघायला मिळते तेही सांगितलं. त्यांचे उपकार आहेत.

कोणी असं घर देऊ केलं तर आधी महापालिकेत किंवा ज्या संस्थेचं नाव सांगितलं असेल तिच्या कचेरीत स्वतः जाऊन विचारा: या फायनल प्लॉटवर प्रकल्प मंजूर आहे का, फॉर्म निघाले आहेत का? ड्रॉमधली जागा कोणीही विकू शकत नाही. खाजगी बिल्डरची "अफोर्डेबल" स्कीम असेल तर रेराच्या (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या) वेबसाइटवर प्रकल्पाचा आणि एजंटचाही नोंदणी क्रमांक तपासा. नोंदलेला करार झाल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. घर-जमिनीच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्याची मनाई आहे, तेव्हा "रोखच द्या" म्हणणाऱ्यापासून उठून या.

यूपीआयचा भाग आम्ही १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवला. तिथे उशीर केलात तर पैसे खात्यातून पुढे निघून जातात, म्हणून कळताक्षणी फोन करा. बाकीचा अर्ज पोलीस ठाण्यात दिला आहे, सोबत वाउचर, पत्र, व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं आणि त्याने पाठवलेल्या नकाशाचा फोटो जोडला आहे. अजून हातात काही आलेलं नाही. रोख रकमेचा पुरावा म्हणजे त्याचे "मिळाले, काळजी नको" असे मेसेज, तेवढेच. ते मोबाइलमधून पुसू नका, मोबाइल बदलला तर आधी उतरवून घ्या.

वारसिया, वाडी, रावपुरा भागात ज्यांच्याकडे "फाइल खर्च" लिहिलेलं असलंच वाउचर असेल, त्यांनी आपल्या पोलीस ठाण्यात वेगळा अर्ज जरूर द्यावा. एकट्या माणसाच्या तक्रारीला तो "उसने पैसे होते" असं उत्तर देतो. दहा घरांनी एकच वाउचर पुढे ठेवलं तर त्याला तसं म्हणता येणार नाही.