एस्टीमचं १.३ इंजिन बांधून अकरा महिने झाले: काय टिकलं, काय काढून टाकलं

गाडी २००४ ची मारुती एस्टीम, एमपीएफआय, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्शनवाली. मी चौथा मालक. पंधरा वर्षांनंतरची फेरनोंदणी झालेली, पर्यावरण कर भरलेला. इंजिन बांधून अकरा महिने झाले आणि १४,२०० किलोमीटर पडले. पहिल्या महिन्यात लिहिलं असतं तर हा मजकूर फार वेगळा झाला असता, कारण तेव्हा मी नव्या कॅमच्या, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या, प्रेमात होतो.

ताकद वाढवायची तर टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, का नाही, हे आधी सांगतो. १२९८ सीसीचं, सोळा व्हॉल्व्हचं हे इंजिन कंपनीच्या पत्रकात ८५ बीएचपीचं आणि गाडीचं वजन नऊशे किलोच्या आत. टर्बो बसवला की पिस्टन, क्लच, गिअरबॉक्स, ब्रेक सगळंच ओढलं जातं. मला इंजिनच्या स्वतःच्या श्वासावर जेवढं निघेल तेवढंच हवं होतं.

काम कोल्हापुरात केलं. शिवाजी उद्यमनगरात बोअरिंग (सिलिंडर आतून कातणं), क्रँक ग्राइंडिंग (इंजिनाचा मुख्य दांडा घासणं), सीट कटिंग (व्हॉल्व्ह टेकतात त्या बैठका कापणं) सगळं चार गल्ल्यांत होतं. पण सुरुवात चुकली. पहिल्या वर्कशॉपनं पिस्टन हातात यायच्या आधीच ब्लॉक बोअर करून ठेवायची तयारी चालवली होती. "साईज ठरलेलीच असती की," असं उत्तर मिळालं. साईज डब्यावर ठरलेली असते, पण पिस्टन मायक्रोमीटरला लावला की शंभराव्या भागात फरक दिसतो आणि पिस्टन-बोअरमधली फट असते जेमतेम ०.०३ मिलिमीटर. मी ब्लॉक उचलून दुसरीकडे नेला. तिथल्या मिस्त्री मामांनी पहिल्यांदा विचारलं, "गाडी पळवायची हाय, का नुसती ओरडवायची?" मी म्हटलं, पळवायची. पुढे चार महिने मी नेमकं उलटंच करत होतो, पण ते नंतर.

उघडल्यावर दिसलं ते असं. चार सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे दाब, १५०, १४५, ११०, १४५ पाउंड. तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह कडेनं जळालेला आणि सीट खोल गेलेल्या. आधीच्या कुणीतरी गाडी बरीच वर्षं गॅसवर चालवली होती. पेट्रोलपेक्षा गॅस कोरडा जळतो, सीटला तेवढा आधार मिळत नाही. पुण्यात रोलरवर, म्हणजे चाकं फिरवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, मोजलं तर चाकांवर ५८ बीएचपी. म्हणजे वाढवायच्या गोष्टी दूर, कंपनीनं दिलेलंच बरंच हरवलेलं होतं.

बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, अर्धा मिलिमीटर वाढवला, ७४ चा ७४.५. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ७५.५ तसाच. याने इंजिन १२९८ चं १३१६ सीसी होतं, म्हणजे वाढ सव्वा-दीड टक्का. "बोअर वाढवला की पॉवर वाढते" असं टपरीवर छातीठोक सांगणाऱ्यांनी हा हिशेब एकदा कागदावर करावा. बोअर वाढवायचा तो सिलिंडर गोल आणि सरळ व्हावा म्हणून. होनिंगच्या, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीवर तेल धरणाऱ्या, रेघा नीट तिरप्या पडल्या, रिंगची गॅप प्रत्येक सिलिंडरमध्ये वेगळी घालून फीलर गेजनं तपासली, क्रँक ग्राइंड करून बेअरिंग शेल अंडरसाईज घातले. या कामात फोटो काढण्यासारखं काहीच नसतं. पण माझ्या पैशाचा सगळ्यात चांगला उपयोग इथेच झाला.

हेडचं, म्हणजे व्हॉल्व्ह असतात त्या वरच्या भागाचं, काम मामांनी तीन दिवस लावून केलं. व्हॉल्व्ह नवे, सीट तीन कोनांत कापल्या. पोर्ट, म्हणजे हवेच्या वाटा, मोठे केले नाहीत, फक्त सीटखालचा कंगोरा आणि ओतकामातले उंचवटे घासले. मला आरशासारखी पॉलिश हवी होती, त्यांनी चक्क नकार दिला. इनटेक पोर्ट थोडा खरखरीत असलेलाच बरा, गुळगुळीत भिंतीवर पेट्रोल चिकटून वाहत राहतं, हे त्यांचं म्हणणं. मग हेडचा फेस ०.४ मिलिमीटर कापला. काचेची पट्टी ठेवून ब्युरेटनं चेंबर मोजले आणि हिशेबानं कॉम्प्रेशन रेशो (सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं ते) साडेनऊच्या खालून जेमतेम दहाला टेकला. एक गोष्ट बहुतेक जण विसरतात: फेस कापला की कॅम क्रँकच्या जवळ येतो, बेल्ट तोच राहतो आणि कॅमचं टायमिंग पाऊणएक अंश मागे पडतं. म्हणून सरकवता येणारी पुली घेतली.

आता माझ्या हौसेचा भाग. कोइमतूरहून घासून आणलेला, व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारा २६८ अंशांचा कॅम, ४-२-१ हेडर (धूर बाहेर नेणारे पाइप), उघडा कोन एअर फिल्टर, मूळ ईसीयूवर (इंजिनाच्या कॉम्प्युटरवर) त्याचे आकडे बदलणारं पिगीबॅक आणि डॅशवर हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा वाइडबँड लॅम्डा मीटर.

पहिले पाचशे किलोमीटर साध्या मिनरल ऑइलवर, आरपीएम सतत वर-खाली करत चालवली. पन्नास किलोमीटरला ऑइल काढलं तेव्हा त्यात चमक होती, फिल्टर कापून पाहिला, कण बारीक होते. त्यानंतर कॉम्प्रेशन चारही सिलिंडरमध्ये १८५ ते १९० च्या दरम्यान. रोलरवर ७५ बीएचपी, ६,६०० आरपीएमला. त्या दिवशी मी कागदाचा फोटो किती जणांना पाठवला ते विचारू नका.

मग रोजचं जगणं सुरू झालं. आयडल, म्हणजे उभ्या गाडीचा आरपीएम, हजाराच्या खाली ठरेना. व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे म्हटल्यावर मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम डगमगतो आणि मूळ ईसीयू गोंधळतो. व्हीनस कॉर्नरला सिग्नल सुटला की क्लच अर्धा दाबून गाडी ओढावी लागे. ३,५०० च्या वर गेली की मात्र अंगावर काटा. पण घर ते कामाची जागा सात किलोमीटर, त्यात ३,५०० च्या वर मी किती वेळ असणार? ॲव्हरेज १३ वरून १० वर आलं. पीयूसीला पहिल्या खेपेला हायड्रोकार्बन जास्त आल्यामुळे नापास. बायको एकदाच बसली, उतरताना म्हणाली, "रिक्षा बरी होती." २,५०० आरपीएमला चाकांवरचा टॉर्क मोजला तर तो जुन्या थकलेल्या इंजिनपेक्षाही कमी भरला, ७६ न्यूटन-मीटरच्या जागी ७१. हा आकडा पाहून मी पहिल्यांदा गप्प बसलो.

कोन फिल्टरचंही तेच. आवाज छान, पण तो हेडरच्या डोक्यावर बसून गरम हवा ओढत होता. रंकाळ्याजवळच्या गर्दीत इनटेकचं तापमान ६२ अंश दिसलं. कंपनीचा डबा परत लावून समोरच्या जाळीतून पाइप आणला, तर त्याच वेळी, त्याच रस्त्यावर ३८. तीन अंशांना हवा साधारण एक टक्का विरळ होते, म्हणजे सात-आठ टक्के हवा मी हौसेखातर घालवत होतो.

पाचव्या महिन्यात मूळ कॅम परत घातला. मामांनी "मी म्हटलं नव्हतं का" असं म्हटलं नाही, फक्त चहा मागवला. बाकी सगळं तसंच ठेवून पुली दोन अंश पुढे घेतली, पिगीबॅकचा नकाशा नव्यानं केला. रोलरवर ७१ बीएचपी, ६,००० ला. हौसेच्या कॅमच्या तुलनेत चार कमी. पण २,५०० ला टॉर्क ८८. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये तीसपासून खेचते आणि शहरात ॲव्हरेज १४ देते. ५८ चे ७१ झाले त्यात हेडर आणि ट्यूनिंगचा वाटा आहेच, पण माझ्या अंदाजानं निम्म्याहून जास्त निव्वळ चांगल्या सीलिंगचा आहे. हरवलेलं परत मिळालं, एवढंच.

आंबोलीमार्गे सावंतवाडीला तीनदा जाऊन आलो. घाट उतरून खाली पोचलं की गाडी आणखी मोकळी वाटते. कोल्हापूर साडेपाचशे मीटरवर, खाली साधारण पाच टक्के हवा फुकट मिळते. परत चढताना पूर्वी दुसऱ्या गिअरची वळणं आता बरीचशी तिसऱ्यात निघतात, मागे दोन माणसं आणि आमसुलांची पिशवी असताना.

पेट्रोलबद्दल लिहायलाच हवं. वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं तेव्हा वाइडबँडनं मला वाचवलं. आमच्याच जिल्ह्यातल्या उसाचं इथेनॉल, पण इंजिनला आपुलकी नसते. शुद्ध पेट्रोलला हवा १४.७ पट लागते, या मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. सावकाश चालवताना ईसीयू ऑक्सिजन सेन्सर बघून जुळवून घेतो, पण पूर्ण ॲक्सिलरेटरवर तो आंधळाच. पेट्रोलच्या मापात १२.७ दिसायला हवं तिथे मीटर १३.५ दाखवत होता, म्हणजे पेट्रोल कमी पडत होतं. पिगीबॅकमधून पेट्रोल वाढवलं. ऑक्टेन जास्त असल्यानं दहाचा रेशो नॉकिंगचा खडखडाट न करता चालतो, हा फायदा. तोटा म्हणजे टाकीकडचे जुने रबरी पाइप फुगले. सगळे बदलले, तुम्हीही बदला.

एकूण खर्च १,३८,००० रुपये. त्यातले बोअरिंग, पिस्टन, क्रँक, हेड आणि मजुरी धरून ५२,०००. उरलेल्यात कॅमचे १६,००० आणि तो दोनदा उघड-बंद केल्याची मजुरी सरळ पाण्यात. पिगीबॅक आणि लॅम्डा मीटर महाग वाटले होते, पण पुन्हा केलं तर तेच आधी घेईन. कागदावर गाडी अजून १२९८ सीसीचीच आहे आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ अशा बदलांना फार मोकळीक देत नाही, हे समजून उमजूनच हात घाला.

दर पाच हजार किलोमीटरला टॅपेट (व्हॉल्व्हची फट) तपासतो, आतापर्यंत दोनच हलवावे लागले. ऑइल पाच हजारांत दोनशे मिली खाते. मागच्या ऑइल सीलमधून पार्किंगमध्ये चार-पाच थेंब दिसायला लागलेत. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागणार, मामांनी दिवाळीनंतरची तारीख दिली आहे.