नोकिया एन-९ : बाजारात येण्याआधीच निकालात निघालेला फोन

समोरून पाहिलं तर एन-९ ला एकही बटण नाही. २१ जून २०११ ला सिंगापूरला हा फोन दाखवला गेला तेव्हा आयफोनला होमचं गोल बटण होतं आणि अँड्रॉइडच्या फोनांना खाली बटणांची ओळ असायची. इथे नुसती ३.९ इंची, कडांना उतरती अमोलेड काच. अ‍ॅपमधून बाहेर पडायचं तर काठाबाहेरून बोट आत ओढायचं. झोपलेला फोन जागा करायचा तर काचेवर दोन टिचक्या मारायच्या. फोन नुसता पडून असतानाही मंद उजेडात घड्याळ दिसत राहतं. अमोलेडमध्ये लागतील तेवढेच ठिपके पेटतात, त्यामुळे बॅटरीवर त्याचा फारसा भार पडत नाही.

होम स्क्रीन म्हणजे शेजारी शेजारी लावलेली तीन पानं: एकावर सूचना आणि घडामोडी, दुसऱ्यावर अ‍ॅपची जाळी, तिसऱ्यावर उघडी असलेली अ‍ॅप. या तिसऱ्या पानावर चिमटीने चित्रं लहान-मोठी होतात, एका वेळी चार किंवा नऊ दिसतात. १ जीबी रॅम असल्यामुळे मागे गेलेलं अ‍ॅप खरोखर चालू राहतं. सवय होईपर्यंत एक चूक हमखास होते: नकाशा पाहताना बोट काठाच्या आतून सुरू होतं आणि अ‍ॅप बाजूला होण्याऐवजी नकाशाच सरकतो. कव्हरची कड काचेवर चढत असेल तर हा त्रास कायमचाच.

अंग पॉलिकार्बोनेटचं, एकसंध. रंग आतपर्यंत मुरलेला असल्याने ओरखडा पडला तरी खालून वेगळा रंग डोकावत नाही. कच्चा दुवा आहे तो वरच्या बाजूला. आधी यूएसबीची चिमुकली झडप उघडायची, मगच शेजारचा मायक्रो-सिमचा ट्रे सरकतो. झडप धरून ठेवणारा प्लास्टिकचा भाग नाजूक आहे आणि रोज चार्जिंगसाठी उघडझाक केली की तोच आधी तुटतो. मेमरी कार्ड बसत नाही आणि १४५० एमएएचची बॅटरी सहज काढता येत नाही. पुढचा कॅमेरा तर काचेखाली उजव्या कोपऱ्यात आहे; व्हिडिओ कॉलवर समोरच्याला आधी तुमची हनुवटी दिसणार. मागचा ८ मेगापिक्सेलचा, कार्ल झाइस लेन्सचा, एफ/२.२, मंद उजेडात त्या काळच्या मानाने चांगलाच. पण फोटो काढायला वेगळं बटण दिलेलं नाही, ही कंजुषी खटकते.

प्रोसेसर मात्र जुना. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा ओमॅप ३६३०, एकच कोअर, १ गिगाहर्ट्झ. त्याच वर्षीच्या गॅलॅक्सी एस-२ मध्ये दोन कोअर होते. मेनू लोण्यासारखे सरकतात, पण जड वेबपेज उघडलं की दम लागतो. इथून पुढे हा आढावा फोनपुरता राहत नाही, कारण प्रोसेसर जुना का पडला याचं उत्तर कंपनीच्या कारभारात आहे.

एन-९ वरची प्रणाली 'मीगो १.२ हरमॅटन' या नावाने ओळखली जाते. नाव अर्धंच खरं आहे. नोकियाने २००५ च्या ७७० टॅब्लेटपासून मेमो नावाची स्वतःची लिनक्स प्रणाली वाढवली होती. फेब्रुवारी २०१० मध्ये ती इंटेलच्या मोब्लिन या लिनक्स प्रणालीशी जोडून मीगो जाहीर झाली. मीगोची पॅकेजेस, म्हणजे सॉफ्टवेअर फोनवर बसवायची गाठोडी, आरपीएम पद्धतीची, एन-९ ची मात्र मेमोसारखीच डेब पद्धतीची. म्हणजे आतून हा मेमोचाच पुढचा अवतार, वर मीगोची पाटी. मधल्या काळात एकाच टीमला जुनं पुरं करायचं होतं आणि नव्या भागीदारीतही काम करायचं होतं. सॉफ्टवेअर लांबलं की ज्या चिपसाठी ते लिहिलंय ती चिपही म्हातारी होते.

दुसरा घोळ टूलकिटचा, म्हणजे अ‍ॅप लिहायच्या तयार साधनसंचाचा. २००८ मध्ये ट्रोलटेक ही सॉफ्टवेअर कंपनी विकत घेतल्यावर तिचं क्यूटी हे टूलकिट नोकियाच्या हातात आलं. कल्पना उत्तम होती: अ‍ॅप एकदा क्यूटीत लिहा, ते सिम्बियन या नोकियाच्या जुन्या स्मार्टफोन प्रणालीवर चालेल आणि मीगोवरही. प्रत्यक्षात पाया एक असूनही बटणं, याद्या, मेनू काढणाऱ्या लायब्ररी दोन झाल्या. सिम्बियनसाठी ऑर्बिट, मीगोसाठी मीगो-टच, आणि दोघींचं एकमेकींशी जमेना. मग 'एकदा लिहा' याला काय अर्थ उरला? ऑक्टोबर २०१० मध्ये सिम्बियन-४ हा वेगळा टप्पाच रद्द झाला. तोवर अ‍ॅप लिहिणाऱ्यांनी आयफोन-अँड्रॉइडची वाट धरली होती. हा दोष नोकियाचे नवे सीईओ स्टीफन एलॉप यांचा नाही, ते सप्टेंबर २०१० मध्ये आले. ही उधारी आधीच्या व्यवस्थापनाची.

एलॉप यांचं निदानही बरोबर होतं. कर्मचाऱ्यांना लिहिलेल्या, कंपनीला जळत्या तेलफलाटाची (बर्निंग प्लॅटफॉर्म) उपमा देणाऱ्या त्यांच्या गाजलेल्या पत्रात, या वेगाने २०११ अखेर मीगोचा कदाचित एकच फोन बाजारात असेल असं त्यांनी लिहिलं होतं, आणि झालंही तसंच. घोटाळा केला तो क्रमाने. ११ फेब्रुवारी २०११ ला मायक्रोसॉफ्टची विंडोज फोन प्रणाली हाच मुख्य मार्ग असं जाहीर झालं आणि त्याच दमात आणखी सुमारे १५ कोटी सिम्बियन फोन विकायचा अंदाजही सांगितला गेला. जी प्रणाली बंद करणार म्हणून मालकच सांगतोय तिचा फोन दुकानदार कशाला भरून ठेवेल? २०१० च्या शेवटच्या तिमाहीत नोकियाचे २ कोटी ८३ लाख स्मार्टफोन गेले होते. २०११ च्या दुसऱ्या तिमाहीत आकडा १ कोटी ६७ लाखांवर आला. नव्या मार्गाचा पहिला फोन, ल्युमिया ८००, जाहीर व्हायला २६ ऑक्टोबर उजाडला. घोषणा आणि माल यांत आठ महिन्यांची पोकळी, आणि त्या पोकळीत एन-९ एकटा. अमेरिका, ब्रिटन, जर्मनी या मोठ्या बाजारांत कंपनीने तो अधिकृतपणे विकलाच नाही.

शिवाय पूलही तोडला. क्यूटी ज्या भाषेवर उभं आहे त्या सी प्लस प्लसमध्ये विंडोज फोन ७ वर बाहेरच्यांना अ‍ॅप लिहिता येत नव्हतं. सी शार्प, सिल्व्हरलाइट अशा मायक्रोसॉफ्टच्याच साधनांचा रस्ता. म्हणजे क्यूटी तिथे नेणंच शक्य नव्हतं. क्यूटीत केलेलं सगळं काम अडगळीत, आणि नवीन सुरुवात शून्यातून.

ल्युमिया ८०० शेजारी ठेवून बघा. अंग जवळजवळ तेच. पण खाली तीन टच-बटणं आली म्हणून काच ३.७ इंचांवर आली. रॅम निम्मी, ५१२ एमबी. पुढचा कॅमेरा गेला. मिळालं काय, तर १.४ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि फोटोचं बटण. जून २०१२ मध्ये विंडोज फोन ८ ची घोषणा झाली आणि जुन्या ल्युमियांना ती मिळणार नाही हेही कळलं. पूर्वीच्या प्रणालीचे ग्राहक गमावून जे नवे जोडले, त्यांनाही वर्षाच्या आत पुन्हा तोच अनुभव. या एका गोष्टीबद्दल त्या नेतृत्वाला मी एकही गुण देणार नाही.

दोन टिचक्यांनी फोन जागा करणं आणि झोपेतलं घड्याळ, या एन-९ च्या सोयी २०१३ च्या अँबर अपडेटमधून काही ल्युमियांना मिळाल्या. त्याच वर्षी ३ सप्टेंबरला नोकियाने फोनचा धंदा मायक्रोसॉफ्टला विकत असल्याचं जाहीर केलं.

सेकंडहँड घ्यायचा असेल तर ६४ जीबीचाच घ्या, कार्डाची सोय नाही. यूएसबीची झडप उघडून, मिटून, हलवून पाहा. चार्जरवरून काढून तासभर ठेवा आणि टक्के किती उतरले ते बघा. या फोनला ४जी नाही. ३जी बंद झालेल्या ठिकाणी २जी असेल तरच कॉल लागेल. ब्राउझर जुना असल्याने आजच्या पुष्कळ सुरक्षित साइट उघडत नाहीत आणि मेलचीही तीच अडचण येते. १ जानेवारी २०१४ पासून नोकिया स्टोअरने या फोनसाठी नवी अ‍ॅप आणि अपडेट घेणं थांबवलं, त्यामुळे विकणाऱ्याने आधीच भरून ठेवलेली अ‍ॅप पुसू नका. गाणी, फोटो, गजर आणि कॉल यांना तो आजही पुरतो.