फोनला लावायचा कूलर: आठ महिने वापरल्यावर

घेतला त्याच आठवड्यात मी याला पाच तारे देऊन मोकळी झाले होते. आज तीन देईन, आणि त्यातला एक या कूलरने नकळत केलेल्या कामाबद्दल आहे. ते काम कोणतं, ते पुढे येईलच.

माझा फोन तीन वर्षांचा. गेम सुरू केला की वीसेक मिनिटांत कॅमेऱ्याखालचा भाग तव्यासारखा तापायचा, गेम अडखळायचा आणि स्क्रीन आपोआप मंद व्हायची. उन्हात व्हिडिओ काढताना तर दोनदा 'फोन गरम झाला आहे' असा संदेश देऊन कॅमेराच बंद पडला. मला वाटायचं फोन हँग होतोय. खरं तर तो स्वतःला वाचवत होता. बहुतेक फोनमध्ये पंखा नसतो. प्रोसेसरची उष्णता ग्राफाइटच्या पातळ पत्र्यातून, काही फोनमध्ये वेपर चेंबरमधून (आत थोडा द्रव असलेली बंद चपटी डबी), मागच्या काचेपर्यंत आणि कडेच्या पट्टीपर्यंत पसरते आणि तिथून हवेत जाते. तेवढ्याने भागलं नाही तर प्रोसेसर आपला वेग उतरवतो, स्क्रीनचा उजेड कमी होतो, चार्जिंग मंदावतं. यालाच थर्मल थ्रॉटलिंग म्हणतात.

मी घेतलेला कूलर क्लिपचा आहे आणि त्यात नुसता पंखा नाही, पेल्टिये प्लेट आहे. घेणाऱ्यांनी हा फरक आधी समजून घ्यावा. नुसता पंखा पाठीवर खोलीतली हवा मारतो, त्यामुळे हवेपेक्षा गार काही होत नाही. पेल्टिये प्रकारात वीज सोडली की प्लेटची एक बाजू गार पडते आणि दुसरी तापते. झाँ पेल्टिये या फ्रेंच माणसाला हा परिणाम १८३४ मध्ये दिसला होता. वरचा पंखा असतो तो त्या तापलेल्या बाजूसाठी. म्हणजे उष्णता नाहीशी होत नाही, इकडून उचलून तिकडे टाकली जाते, वर त्या हमालीची उष्णता वेगळी. म्हणूनच ही वस्तू बरीच वीज खाते आणि तिला स्वतःची वायर लागते. फोनच्याच पोर्टवर चालवायचा मोह मलाही झाला होता. करू नका, फोनची बॅटरी उपसून फोन गार करण्यात काय हशील?

काम मात्र करतो. अर्ध्या मिनिटात प्लेट हाताला गार लागते. खोली तीच, गेम तोच, वेळ अर्धा तास: कूलरशिवाय बॅटरीचं तापमान ४३ अंशांवर जायचं, कूलर लावून ३६-३७ वर थांबायचं. हे आकडे बॅटरीची माहिती दाखवणाऱ्या साध्या अॅपमधले आहेत. ते बॅटरीचं तापमान दाखवतं, प्रोसेसरचं नव्हे, आणि प्रोसेसर त्याहून बराच जास्त तापलेला असतो. प्लेट कुठे बसवता यावरही खूप अवलंबून आहे. माझ्या फोनचा प्रोसेसर वरच्या भागात, कॅमेऱ्याजवळ आहे. फोन जिथे जास्त तापतो ती जागा बोटाने चाचपली की कळतं. आणि कव्हर काढलंच पाहिजे. जाड रबरी कव्हरवर कूलर लावणं म्हणजे गोधडीवरून पंखा घालणं.

आता तक्रारी. पहिली आणि मोठी म्हणजे पाणी. दमट दिवसांत प्लेटच्या कडेला थेंब जमतात. हवा ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल तर दवबिंदू साधारण २६ अंशांवर येतो, म्हणजे त्याहून गार झालेल्या कुठल्याही पृष्ठभागावर पाणी धरणारच. एकदा गेम संपवून चार्जर लावला तर पोर्टमध्ये ओल असल्याची सूचना आली. तेव्हापासून दमट हवेत मी तो सगळ्यात कमी वेगावर ठेवते आणि काढल्यावर फोन पुसते. तापलेला फोन फ्रीजमध्ये ठेवणाऱ्यांना हेच सांगायचंय: बाहेर दिसतं तसं पाणी आतही धरू शकतं. आवाजाचं म्हणाल तर शांत खोलीत तो जाणवतो, आणि व्हिडिओत स्पष्ट ऐकू येतो.

दुसऱ्या महिन्यात माझी खरी चूक सुरू झाली. चार्जिंगलाही कूलर लावायला लागले. फरक पडतो, हे मान्य. बॅटरी तापली की फोन चार्जिंग हळू करतो, ती गार ठेवली की पूर्ण वेगाने चालू राहतं. लवकर चार्ज होतोय यावर मी भाळले आणि साध्या चार्जिंगला फोन एवढा तापतोच का, हा प्रश्न विचारायचा राहून गेला.

तो प्रश्न पडला खिशामुळे. फोन नुसता खिशात असतानाही मांडीला गरम लागायचा, आणि खिशात काही कूलर लावता येत नाही. बॅटरीच्या वापराची यादी उघडली तर सगळ्यात वर फोटोंचा बॅकअप घेणारं अॅप. एक लांबलचक व्हिडिओ अर्ध्यावर अडकला होता आणि अॅप तो पुन्हापुन्हा चढवायच्या मागे लागलं होतं. व्हिडिओ हलवला, प्रकरण मिटलं. तुमच्या यादीत असं काही ठळक दिसत नसेल तर अँड्रॉइड फोन सेफ मोडमध्ये सुरू करून पाहा. त्यात आपण टाकलेली अॅप्स बंद राहतात. तिथे फोन गार राहिला तर दोष त्यांच्यापैकीच कुणाचा तरी. 'फोन थंड करा' म्हणणारी अॅप्स मात्र बिनदिक्कत काढून टाका. ती इतर अॅप्स बंद करतात, ती अॅप्स पुन्हा सुरू होतात आणि या शिवाशिवीत प्रोसेसरलाच जास्त राबावं लागतं.

तरी आतल्या खोलीत फोन कोमट असायचाच. तिथे रेंज जेमतेम एक काडी. टॉवर दूर असला किंवा मध्ये जाड भिंती असल्या की फोन आपला रेडिओ जास्त ताकदीने चालवतो, लांबच्या माणसाशी आपण ओरडून बोलतो तसा. वाय-फाय कॉलिंग सुरू केलं आणि त्या खोलीपुरतं फाइव्ह-जीऐवजी फोर-जीवर ठेवलं. या दोन गोष्टींना दोन मिनिटं लागली. इतके दिवस माझं 'आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी' चाललं होतं.

चार्जिंगच्या सवयी मग ओघानेच बदलल्या. रात्री उशीखाली चार्जिंग बंद, फोन कडक पृष्ठभागावर. जलद चार्जिंग घाई असेल तेव्हाच, कारण तारेत आणि बॅटरीत होणारी उष्णता विद्युतप्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते; प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट. एरवी ८० टक्क्यांची मर्यादा लावून ठेवली. वायरलेस पॅड रोजच्या वापरातून गेला. फोन जरा सरकून बसला तरी त्याची बरीच वीज उष्णतेतच जाते. चार्जिंगला लावून गेम खेळणं पूर्ण थांबवलं. काही फोनमध्ये बॅटरीला वळसा घालून थेट चार्जरवर चालायची सोय असते, माझ्यात नाही. गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात नकाशा लावून चार्ज करणं हा तर सगळ्या पापांचा एकत्र डबा. अॅपल आयफोनसाठी आसपासचं तापमान ० ते ३५ अंश असावं असं सांगते, आणि उन्हात उभी गाडी ३५ कधीच ओलांडते. आता होल्डर एसीच्या झडपेवर आहे.

एवढं करूनही चार्जिंगला फोन तापायचा, म्हणून कूलर चालूच होता. सहाव्या महिन्यात तो डुगडुगायला लागला. क्लिप सैल झाली असेल म्हणून मी आणखी घट्ट बसवला. दोन दिवसांनी लक्षात आलं की प्लेट सपाटच आहे, सपाट राहिली नाहीये ती फोनची पाठ. टेबलावर उताणा ठेवून बोटाने हलकेच ढकलला तर फोन भोवऱ्यासारखा फिरला. बॅटरी फुगली होती.

तो प्रसंग आठवला की अजून पोटात गोळा येतो, कारण त्या फुगवट्यावर मी दोन दिवस क्लिप दाबत होते. असं दिसलं तर फोन बंद करा, चार्जिंगला लावू नका, फुगवटा दाबायच्या किंवा टोचायच्या भानगडीत पडू नका आणि सरळ दुरुस्ती करणाऱ्याकडे न्या. उष्णतेने आणि वयाने बॅटरीतलं रसायन विघटित होतं, त्याचा वायू साचतो. आतला रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळाही वाढतो, म्हणून तेवढ्याच चार्जिंगला जुनी बॅटरी जास्त तापते. मला ही सूचना महिनाभर आधी मिळाली असती. कूलरने ती दाबून ठेवली. आणि शेवटी डुगडुगून चुगलीही त्यानेच केली. वरचा एक तारा त्याचा.

बॅटरी बदलली. आता तोच गेम, अर्धा तास, कूलर न लावता ३९ अंश. चार्जिंगला फोन जेमतेम कोमट होतो. कूलर ड्रॉवरमध्ये असतो आणि महिन्यातून एकदोनदा, बाहेर लांब रेकॉर्डिंग करायचं असेल तेव्हा निघतो. आवाज पकडू नये म्हणून माइक वेगळा लावते.

रोज तासन्‌तास गेम खेळणाऱ्यांनी किंवा लाइव्ह करणाऱ्यांनी जरूर घ्यावा, वेग कमी-जास्त करता येणाराच. फोन खिशात किंवा चार्जिंगला तापत असेल तर आधी बॅटरीची यादी उघडा आणि फोनची पाठ टेबलावर टेकवून पाहा. माझ्या क्लिपचं रबर आठ महिन्यांत झिजलंय आणि ते सुटं मिळत नाही. सध्या सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चिकटवून काम भागवलंय.