गोधड्या, सब्जेक्ट लाइन आणि स्पॅम फोल्डर : नऊ महिने वापरून झाल्यावर

आम्ही वाईत गोधड्या शिवतो. मी एकटी नाही, आळीतल्या सहाजणी आहोत. लोक घरातल्या जुन्या साड्या कुरिअरने पाठवतात आणि आम्ही त्यांची धावदोऱ्याची गोधडी करून परत पाठवतो (कोल्हापूरकडची गिऱ्हाइकं वाकळ म्हणतात, वस्तू एकच). आता या साड्या म्हणजे कुणाच्या गेलेल्या आईची इरकली, कुणाच्या आजीचं नऊवारी, त्यामुळे साडी पोचली का, कापायला घेतली का, परत कधी मिळणार हे वेळेवर कळवणं शिवण्याइतकंच मोठं काम आहे. आधी सगळं व्हॉट्सॲपवर चालायचं, पण ऑर्डरी वाढल्या तसं कुणाला काय सांगितलं तेच कळेना, म्हणून मागच्या ऑगस्टमध्ये ईमेल पाठवायचं एक टूल घेतलं, दरमहा पैसे भरायचं. त्याचं नाव घेत नाही, कारण पुढे थोडं वाईट बोलणारे.

टूल घ्यायचं मुख्य कारण त्यातला सब्जेक्ट लाइन चेकर. सब्जेक्ट टाकला की शंभरपैकी मार्क देतो आणि स्पॅममध्ये जाईल का ते सांगतो म्हणे. मला वाटलं वा, परीक्षेआधीच पेपर तपासून मिळतोय. पहिले तीन महिने मी नव्वदच्या खाली मार्क असलेला एकही मेल पाठवला नाही.

मग नोव्हेंबरात नाशिकच्या एका काकूंचा फोन आला. साडी पाठवून पंधरा दिवस झाले, तुमच्याकडून काहीच नाही, हरवली असेल तर स्पष्ट सांगा हो, आईची शेवटची साडी होती ती. आवाज कापत होता त्यांचा. मी म्हटलं काकू, दोन मेल केलेत की तुम्हाला. फोनवरच त्यांना स्पॅम फोल्डर उघडायला लावला, त्यांच्या नातवाने उघडून दिला, तर दोन्ही तिथे. लॉटरीवाल्यांच्या मेलच्या मधोमध. आणि सब्जेक्ट काय होता माहितीये, "अभिनंदन!! तुमची ऑर्डर कन्फर्म झाली, आत्ताच बघा!!!", टूलचंच तयार टेम्प्लेट, मार्क 92. लॉटरीवाल्यांचा आणि माझा सब्जेक्ट शेजारी ठेवून बघितला तर मलाच फरक सांगता आला नसता.

त्या दिवशी चेकर जरा नीट तपासला. तो काय करतो, तर ठरलेले इंग्रजी शब्द शोधतो, कॅपिटल अक्षरं मोजतो आणि लांबी बघतो, बस. देवनागरीत कॅपिटल अक्षरं नसतातच, म्हणजे त्या विषयात आम्ही कायम पास. "फ्री" इंग्रजीत लिहिलं की मार्क धाडकन खाली, तेच "मोफत" लिहिलं की 94. "फुकट फुकट फुकट" टाकून बघितलं, 90 च्या वर! आणि तसंही जीमेलसारख्यांचा फिल्टर नुसती शब्दांची यादी घेऊन बसत नाही, पाठवणारा कोण, आधी त्याच्या मेलचं लोकांनी काय केलं, हे सगळं धरून तो ठरवतो. एका "मोफत"मुळे कुणी बुडत नाही आणि तो काढला म्हणून कुणी तरतही नाही.

हे मला भाच्याने सांगितलं, तो पुण्यात आयटीत आहे, दिवाळीला आला होता. तो म्हणाला मावशी, सब्जेक्टचं नंतर बघू, आधी दारावरची पाटी बघू. पाटी म्हणजे पाठवणाऱ्याचा पत्ता. मी साधा जीमेलचा पत्ता वापरत होते, पण मेल निघत होता टूलच्या सर्व्हरवरून, म्हणजे पाकिटावर नाव एकाचं आणि टपालात टाकणारा दुसराच. 2024 च्या फेब्रुवारीपासून जीमेल आणि याहूने याबाबत नियम कडक केलेत आणि मी 2022 सालचे सल्ले वाचत बसले होते. मग स्वतःचं डोमेन, म्हणजे ईमेलच्या पत्त्यात @ नंतर येणारं नाव, घेतलं आणि त्यात एसपीएफ, डीकिम, डीमार्क या तीन नोंदी टाकल्या. पहिली सांगते की या डोमेनच्या नावाने मेल कुठल्या सर्व्हरवरून निघू शकतो, दुसरीवरून मेलवरची सही खरी आहे का आणि मजकूर वाटेत बदलला का ते तपासता येतं, आणि तिसरी सांगते की या दोन्हींपैकी एकही जुळली नाही तर समोरच्याने मेलचं काय करायचं. एक दुपार गेली त्यात, निम्मा वेळ पासवर्ड शोधण्यात. टूलच्या मदत पानावर हे सगळं होतं, पण सगळ्यात तळाशी, आणि चेकर मात्र पहिल्याच पानावर, याचा मला आजही राग आहे.

एवढं केल्यावर सब्जेक्टकडे वळले. आता आमचा पोच कळवणारा मेल असा असतो, "इरकली साडी मिळाली, गोधडी 20 डिसेंबरपर्यंत". अभिनंदन नाही, उद्गारचिन्ह नाही, इमोजी नाही. गिऱ्हाइकाची वस्तू पहिल्या दोन शब्दांत, कारण मोबाईलवर चाळीसेक अक्षरांच्या पुढचं कापलंच जातं. आमचं नाव सब्जेक्टमध्ये घालत नाही, ते पाठवणाऱ्याच्या जागी दिसतंच, मग जागा कशाला अडवायची. सब्जेक्टनंतर फिकट अक्षरात जी ओळ दिसते तीही स्वतः लिहायची. मी ती चार महिने रिकामी ठेवली होती आणि लोकांना तिथे "हा मेल नीट दिसत नसेल तर इथे क्लिक करा" दिसत होतं, आता हे वाचून कोण उघडणार, मीच उघडला नसता.

देवनागरीमुळे मेल स्पॅममध्ये जातो असं काही मला दिसलं नाही. पण वेगळीच एक गंमत झाली. लांब सब्जेक्ट असला की मध्येच चौकटीतली प्रश्नचिन्हं यायची, "गोध��ी" असं काहीतरी. आपलं प्रत्येक अक्षर, प्रत्येक मात्रा साठवायला तीन बाइट लागतात, आणि ईमेलच्या आत सब्जेक्ट साध्या इंग्रजी अक्षर-आकड्यांच्या सांकेतिक रूपात बांधून 75 अक्षरांच्या आत बसतील अशा तुकड्यांत जातो. टूल तो तुकडा अक्षराच्या पोटातच तोडत होतं. तक्रार केली तर सपोर्टवाला म्हणाला, सब्जेक्ट इंग्रजीत लिहा मॅडम! मार्चमध्ये दुरुस्त केलं एकदाचं, तोवर मी सब्जेक्ट मुद्दाम छोटे ठेवत होते, आणि खरं सांगायचं तर छोटेच बरे निघाले.

आता माझी सगळ्यात मोठी चूक. डिसेंबरात थंडी चांगली पडली होती, म्हटलं ऑफर पाठवूया. पुण्याच्या प्रदर्शनात वहीत लोकांनी पत्ते लिहून दिले होते, दोन वर्षांपूर्वीचे, ते सगळे टाईप करून टाकले. त्यात भर म्हणून एका ओळखीच्या बाईंनी सुचवलं की सब्जेक्टच्या सुरुवातीला "रि:" लावा, उत्तर आल्यासारखं दिसतं, लोक उघडतात. लावलं. उघडलेही लोकांनी, तो आकडा बघून मी दिवसभर खूश. संध्याकाळपासून उत्तरं यायला लागली, "मी तुम्हाला कधी काय लिहिलं होतं?", "माझा पत्ता कुठून मिळाला?". निम्मे पत्ते तर चुकीचेच निघाले, वहीतलं अक्षर कुणाला लागतंय. बाकीच्यांनी काय केलं असेल ते उघड आहे, स्पॅमचं बटण दाबलं असणार. पुढचे तीन आठवडे आमचे साधे पोच कळवणारे मेलसुद्धा स्पॅममध्ये. सब्जेक्ट तोच, नोंदी बरोबर, गिऱ्हाइकं खरी, तरी.

गूगल सांगतं की स्पॅमच्या तक्रारी 0.1 टक्क्याच्या खाली ठेवा आणि 0.3 ला कधीच पोचू नका. हजारात तीन! आमची यादीच सातशेची, म्हणजे एका दिवशी सगळ्यांना मेल केला आणि तिघांनी बटण दाबलं की रेषा ओलांडली. दिवसाला 5000 मेल पाठवणाऱ्यांना याहून जास्त नियम आहेत, एका क्लिकमध्ये नाव काढायची सोय वगैरे, आम्ही त्यात बसत नाही पण ती सोय ठेवलीये, नको असलेल्या माणसाने स्पॅम दाबण्यापेक्षा गुपचूप निघून जावं. गूगलचं पोस्टमास्टर टूल्स (आपल्या मेलवर किती तक्रारी आल्या ते दाखवणारं) पण लावून बघितलं, आमच्याएवढ्या कमी मेलला तिथे काही दिसतच नाही, कोरं पान. आणि ते "रि:" प्रकरण अमेरिकेत सरळ बेकायदा आहे, फसवा सब्जेक्ट लावायला तिथे 2003 च्या कायद्याने बंदी आहे, आणि आमची पाचसहा गिऱ्हाइकं न्यू जर्सीतली. भाच्याने हे सांगितल्यावर रात्री झोप नाही लागली, आता हसू येतं.

तेव्हापासून ऑफरचे मेल वेगळ्या सबडोमेनवरून (मुख्य डोमेनच्याच एका पोटनावावरून) जातात, ऑर्डरचे मेल मुख्य डोमेनवरून, म्हणजे ऑफरचा राग साडीच्या पोचवर निघण्याची भीती कमी. वहीतली यादी काढून टाकली.

किती जणांनी मेल उघडला हा आकडा आता बघत नाही. मेलमधलं एक छोटं चित्र उतरलं की मेल उघडला, असं टूल धरतं. 2021 पासून ॲपलच्या मेलमध्ये प्रायव्हसीची सोय चालू असली की चित्रं आपोआप आधीच उतरवून घेतली जातात आणि टूलला वाटतं माणसाने मेल उघडला. मी फोन मोजते. "माझी साडी पोचली का" विचारणारे फोन नोव्हेंबरात रोज दोनतीन यायचे, एप्रिल अख्ख्यात चार आले, त्यातले दोन कुरिअरवाल्याच्या चुकीमुळे.

टूलला पाचपैकी तीन. मेल वेळेवर जातात, ऑर्डरप्रमाणे नाव-तारीख आपोआप भरली जाते, ते चांगलंच आहे. चेकरला शून्य. ऑगस्टमध्ये वर्ष भरतंय, तेव्हा चेकर नसलेला स्वस्तातला प्लॅन घेणारे, महिन्याला जे वाचेल त्यात दोऱ्याची रिळं येतील.