सूर्यमालेचं तयार किट घ्यावं की दोरा, मणी आणि क्ले?

मुलांकडून सूर्यमाला करून घ्यायची म्हटलं की दोन पर्याय समोर येतात, एक ते गोळे, काड्या आणि रंग असलेलं तयार किट, आणि दुसरा म्हणजे घरातला लांब दोरा, थोडे मणी आणि क्ले. आम्ही मुलीसोबत दोन्ही केलंय, म्हणून जे दिसलं ते लिहितोय, तुमचा अनुभव वेगळा असू शकतो.

किटबद्दल आधी चांगलं सांगतो. मूल चार-पाच वर्षांचं असेल तर किट खरंच छान. रंगवण्यात ते रमतं, ग्रहांची नावं आणि क्रम आपोआप पाठ होतो, शनीची कडी लावताना तर आनंद बघण्यासारखा असतो. हाताने फिरवता येणारं किट असेल तर ग्रह सूर्याभोवती फिरतात हे न सांगता समजतं, आणि हे दोऱ्यावर नीट दाखवता येत नाही, ते मान्यच.

पण माझं मत फिरलं ते त्या काड्यांमुळे. प्रत्येक काडी आधीच्यापेक्षा तेवढीच लांब, म्हणजे बुध ते शुक्र जेवढं अंतर तेवढंच युरेनस ते नेपच्यून. मुलीला विचारलं गुरू किती लांब आहे, तर म्हणाली मंगळाच्या शेजारीच आहे ना. तिचं काही चुकलं नव्हतं, समोर जे होतं तेच ती सांगत होती. बरं, हे दुरुस्त करायचं तरी कसं, भोकं ठरलेली, काड्या ठरलेल्या. पुस्तकातलं चित्र चुकीच्या अंतराचं असलं तर मूल पान उलटतं, पण इथे स्वतःच्या हाताने जोडलेलं असतं त्यामुळे ते डोक्यात घट्ट बसतं, आणि मग आपण कितीही आकडे सांगा, मॉडेलच खरं वाटतं. मला याचा खूप त्रास झाला, कारण अवकाशाबद्दल मुलांना एकच गोष्ट कळायची असेल तर ती तिथल्या रिकाम्या जागेचीच कळावी असं मला वाटतं.

दोऱ्यावर ही जागा हाताला लागते. पृथ्वी-सूर्य अंतर साधारण 15 कोटी किलोमीटर, ते 10 सेंटीमीटर धरायचं. मग बुध 4 वर, शुक्र 7, पृथ्वी 10, मंगळ 15 वर, इथपर्यंत मणी एकमेकांना चिकटल्यासारखे येतात, आणि पुढे गुरू एकदम 52 वर. शनी 95, युरेनस 1 मीटर 92, नेपच्यून 3 मीटरवर, दोरा खोलीभर जातो. गुरूच्या आधीची ती मोठी मोकळी जागा बघून मुलीने स्वतःच विचारलं इथे काय आहे, आणि लघुग्रहांचा पट्टा सांगायला आयती संधी मिळाली. नंतर आम्ही कागदाच्या चिठ्ठ्यांवर व्हॉयेजर 2 या अवकाशयानाची वर्षं लिहून लावली, 1977 ला पृथ्वीवरून निघालं, 1979 गुरू, 1981 शनी, 1986 युरेनस, 1989 नेपच्यून. त्या चिठ्ठ्यांवरून बोट फिरवत ती वर्षं मोजत होती, हे किटवर कधीच झालं नसतं.

दोऱ्याची कटकट म्हणजे गुंता होतो, आणि मोठ्या माणसाला सोबत बसावंच लागतं, मूल एकटं खेळेल ही अपेक्षा ठेवू नका. शिवाय या मापात खुद्द सूर्य जेमतेम 1 मिलिमीटरचा होतो, मग मणी म्हणजे फक्त खूण, आकार नाही, हे आधीच सांगून टाकायचं. आकारांसाठी क्ले वेगळी घ्या. पृथ्वी 1 सेंटीमीटरची केली तर गुरू 11 चा होतो, आणि सूर्य 1 मीटरहून मोठा, तो जमिनीवर खडूने काढावा लागतो.

म्हणून सहा-सात वर्षांच्या पुढे मी तरी दोराच सुचवेन, लहानग्यांना किट चालेल. किट आधीच आणलं असेल तर टाकू नका, गोळे काड्यांवरून काढून तेच दोऱ्याला बांधा. फक्त चंद्र त्या दोऱ्यावर लावू नका, 10 सेंटीमीटरच्या मापात तो पृथ्वीपासून पाव मिलिमीटरवर येतो. तो क्लेच्या 1 सेंटीमीटरच्या पृथ्वीसोबत करा, पृथ्वीच्या साधारण पाव आकाराचा, आणि 30 सेंटीमीटर लांब ठेवा. कुठे ठेवायचा हे आधी मुलालाच ठरवू द्या, पट्टी नंतर काढा.