जागेअभावी देणे आहे

चोरबाजारात डुप्लिकेट माल गळ्यात मारतात हे मला पक्कं ठाऊक होतं, म्हणून मी तिकडे फिरकलोच नाही. मी फसलो ते ठाण्यातल्या एका फ्लॅटमध्ये, सोफ्यावर बसून, चहा पिता पिता.

वडिलांच्या मागे घरात मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या, साठेक तबकड्या उरल्या होत्या. बालगंधर्व, हिराबाई, मास्टर दीनानाथ. वाजवायला मात्र काही नव्हतं. अशात जाहिरात दिसली : 'आजोबांचा चावीचा ग्रामोफोन, मूळ पितळी कर्णा, चालू स्थितीत, जागेअभावी देणे आहे.' त्या 'जागेअभावी'वर मी भाळलो. व्यापारी असं लिहीत नाही, अशी माझी समजूत.

दार पन्नाशीच्या एका गृहस्थांनी उघडलं. भिंतीवर आजोबांचा हार घातलेला फोटो, खाली तिवईवर यंत्र. आजोबा संस्थानात कारकून, निवृत्त होताना राजेसाहेबांनी हे भेट दिलं, वगैरे. बोलता बोलता म्हणाले, "एडिसनचा ओरिजिनल फोनोग्राफ आहे, बरं का." मी तिथेच उठायला हवं होतं. एडिसनचा 1877चा फोनोग्राफ नळकांड्यावर चालायचा. सपाट तबकडी बर्लिनर नावाच्या संशोधकाची, ती दहा वर्षांनी आली. आणि समोरच्या पेटीवर तर एचएमव्हीचा कुत्रा बसलेला! पण आजोबांच्या फोटोखाली बसून कोण चूक काढणार? बिचाऱ्या नातवाला यातलं काय कळतंय, अशी मीच मनातल्या मनात त्यांची बाजू घेतली.

(त्या कुत्र्याच्या चित्रातही आधी फोनोग्राफच होता. बॅरॉड नावाच्या चित्रकाराने 1899 साली त्यावर रंग फासून ग्रामोफोन काढला आणि मग कंपनीने चित्र विकत घेतलं. म्हणजे खाडाखोड तिथपासूनच.)

त्यांनी चावी भरली, तबकडी लावली, आवाज घुमला. अर्धा मिनिट झालं नसेल, तोच यंत्राचा सुईवाला हात उचलून म्हणाले, "जुनी आहे हो, उगाच झिजेल." मला तर त्यातही जिव्हाळाच दिसला. बत्तीस हजारांवरून सव्वीसला तुटलं. पावती मागितली तर साध्या कागदावर लिहून दिली : 'शोभेची जुनी वस्तू, एक नग.' तो कागद मी न वाचताच खिशात घातला.

घरी आल्यावर बालगंधर्वांचीच तबकडी लावली. पहिल्या मिनिटात आवाज जडावला, मग रडायला लागला. चावी पुन्हा भरली. तेवढ्यात हिचं लक्ष गेलं. "अहो, ती भुकटी कसली पडतेय?" सुईच्या मागे बारीक राखाडी रेघ उमटत होती. घाईघाईने सुईचा हात उचलला, तोवर सुरुवातीच्या खाचा पांढुरक्या पडल्या होत्या.

सदाशिव पेठेत एक म्हातारे कारागीर आहेत, त्यांच्याकडे नेलं. त्यांनी यंत्र वाजवूनही पाहिलं नाही. तबकडी ठेवायची थाळी उचलली, खालची फळी सोडवली आणि मला वाकून बघायला सांगितलं. स्टार स्क्रू! चौफुलीसारखी खाच असलेले हे स्क्रू बाजारात आले 1930च्या दशकात. आणि आमच्या नातवाच्या म्हणण्याप्रमाणे यंत्र 1912चं. मोटर कुठल्यातरी मोडक्या पोर्टेबल पेटीतून काढलेली. पेटीचं लाकूड कोवळं, वरून काळपट पॉलिश. ओल्या फडक्याने पुसलं तर फडकं तपकिरी झालं. साउंडबॉक्समध्ये, म्हणजे सुईच्या कंपनाचा आवाज करणाऱ्या डबीत, जिथे अभ्रकाची चकती हवी, तिथे प्लॅस्टिकचा तुकडा. कर्णा तेवढा झळझळीत. "खरे कर्णे काय सगळे पितळेचेच असायचे होय? रंगवलेल्या पत्र्याचेही असायचे. पण गिऱ्हाइकाला पितळ दिसलं की बास," काका म्हणाले.

तबकडी का खरवडली, तेही त्यांनीच दाखवलं. टोनआर्म, म्हणजे सुईचा तो हात, बोटाने ढकलला तर अडखळत सरकत होता. तो अलगद फिरला पाहिजे, नाहीतर सुई खाचेच्या एकाच भिंतीला घासत बसते. त्यात सुई जुनी. लाखेच्या तबकडीत दगडाची पूड असते आणि पोलादी सुई मुद्दाम मऊ ठेवलेली असते, म्हणजे ती स्वतः झिजून खाचेत बसते. म्हणून एका बाजूला एक सुई, वाजली की टाकून द्यायची. मला मात्र नातवाने सांगितलं होतं, "एक सुई महिनाभर चालते."

फोन केला. पहिल्यांदा म्हणाले, आजोबांनी दुरुस्ती केली असेल. दुसऱ्यांदा म्हणाले, पावती वाचा. तिसऱ्यांदा नंबर बंद. पावतीवर खरंच ग्रामोफोन हा शब्दच नव्हता.

पुढे काकांच्याच ओळखीतून एचएमव्हीची 102 नंबरची पोर्टेबल पेटी मिळाली. हे मॉडेल 1931 साली निघालं. कर्णा दिसतच नाही, पेटीच्या पोटात घडी घातल्यासारखा बसवलेला असतो. दिसायला एखाद्या विमा एजंटची बॅग. पण या वेळी मी थाळीवर कागदाचा कपटा चिकटवला, घड्याळ लावून फेरे मोजले : मिनिटाला 78. तबकडीची अख्खी बाजू ऐकली, शेवटच्या खाचेपर्यंत सूर ढळला नाही. साउंडबॉक्सचं रबर कडक झालं होतं, तेवढं बदललं. दोन्ही यंत्रं शेजारी ठेवून पाहिली, तर पितळी कर्ण्यातून गाणारा विहिरीतून बोलावल्यासारखा येतो, या बॅगेतून तो समोर बसतो. वडिलांची ती तबकडीही लावतो अधूनमधून. सुरुवातीला नुसती खरखर, मग गाणं सापडतं.

गेल्या महिन्यात नाशिकच्या मित्राने एका यंत्राचे फोटो पाठवले. पितळी कर्णा, कुत्रा, पस्तीस हजार, जागेअभावी. फक्त या खेपेला आजोबा रेल्वेत होते. मी त्याला कळवलं, थाळी उचलून खालच्या स्क्रूंचा फोटो माग. त्याने मागितला. "वडिलोपार्जित वस्तू आम्ही उघडत नाही," असं उत्तर आलं.